जुन्या फटफटीचा कार्बोरेटर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व दफ्तरें हींच आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. कंधारच्या किल्ल्यांत जाऊन एखाद्या झिजलेल्या लेखाचीं अक्षरें लावणाऱ्या गृहस्थास आपण संशोधक म्हणतों. परंतु नांदेडच्या बाजारांत गोणपाटावर तीन कार्बोरेटर मांडून, ते उलटेसुलटे पाहून, कोणता कोठला व कोणत्या काळांतला हें सांगणाऱ्या उस्तादास आपण फार तर चांगला मिस्त्री म्हणतों. ह्या दुसऱ्या विद्येची योग्यता आम्हांसही साठी उलटेपर्यंत कळली नव्हती. ती कळण्याचा प्रसंग कसा आला हें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाहीं. म्हणून थोडी घरगुती हकीकत आधीं.

आमच्या वडिलांनीं १९६८ सालीं साडेतीनशें सी. सी.ची बुलेट घेतली. ते लातुरास डॉक्टर होते. औसा, निलंगा, अहमदपूर ह्या बाजूंस रोगी पाहण्यास जावयाचें तें ह्याच गाडीवर. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां उजाडतां उजाडतां ते बॅग बांधून ह्याच फटफटीवर निघून गेले, आणि पुढें आठ दिवस ना गाडी ना ते आमच्या दृष्टीस पडले. अशा गाडीविषयीं घरच्या माणसांस काय वाटत असेल हें सांगावयास नको. वडिलांच्या पश्चात् ती आमच्याकडे नांदेडास आली व बरींच वर्षें बिनतक्रार चालली. पुढें मात्र तिनें त्रास देण्यास आरंभ केला. सकाळीं वीस वीस किका माराव्या, तेव्हां कोठें ती बोले. तापली कीं चौकांत बंद पडे. आणि उभी केली म्हणजे खालीं पेट्रोलचे थेंब. उस्तादांनीं कार्बोरेटर उतरवून त्यांतील स्लाइड बोटानें हलविली, तों ती आपल्या नळींत खुळखुळ्यासारखी वाजूं लागली. "सर, हा संपला," एवढेंच ते म्हणाले. आतां त्याच्या जागीं कोणता बसवावयाचा?

प्रश्न वरकरणी चार दुकानें हिंडून सुटण्यासारखा दिसतो. आमचे त्यांत पुष्कळ महिने गेले.

कार्बोरेटर म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं हा परिच्छेद सोडून द्यावा. पेट्रोल नुसतें एंजिनांत ओतून भागत नाहीं. त्याची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण ठराविक प्रमाणांत झालें तरच तें नीट पेटतें. शुद्ध पेट्रोलच्या बाबतींत हें प्रमाण वजनानें एकास सुमारें १४.७ असें आहे. नळी मध्यें अरुंद केली म्हणजे तेथून जाणारी हवा वेगानें धांवते, तिचा दाब उतरतो, आणि खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून आपण होऊन वर चढून फवाऱ्यासारखें उडतें. १८९३ सालीं जर्मनींत मायबाख ह्यानें व हंगेरींत बांकी आणि चोंका ह्या जोडीनें ही युक्ति स्वतंत्रपणें साधली. हंगेरीच्या लोकांत अशी आख्यायिका आहे कीं, फुलांवर फुंकरीनें पाणी उडविणारी एक फुलवाली पाहून ती त्यांस सुचली. आमचा परीट इस्त्रीपूर्वीं तोंडानें पाण्याचा फवारा मारीत असे तो आठवावा, म्हणजे बुडापेस्टास जाण्याचें कारण उरत नाहीं.

ही युक्ति आमच्या मुलखांत आली ती पुष्कळ वळसे घेऊन आली. नांदेड व लातूर हीं दोन्ही त्या वेळीं निजामच्या राज्यांत. नांदेडास गोदावरीच्या खोऱ्यांतील मीटर गेज, लातुरास १९११ पासून बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी. सोलापुराहून किंवा मुंबईहून कांहीं आणावयाचें तर वाटेंत करोडगिरीचें नाकें आडवें येई. १९३२ सालीं निजामच्या रेल्वेनें २७ मोटारी घेऊन सरकारी बससेवा काढली. त्या काळीं खासगी फटफटी म्हणजे अधिकारी, वकील, डॉक्टर अशांपैकीं एखाद्याचें वैभव. ती इंग्रजी असावयाची, तिचा कार्बोरेटरही इंग्रजी असावयाचा, आणि तो बिघडला म्हणजे दुसरा निवडण्याचा प्रश्नच नसे. जो होता तोच घासून, डाग देऊन, पुनः चालवावयाचा. निवड ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरची आहे, आणि तीही फार उशिराची.

आमच्या गाडीवर होता तो अमलच्या मोनोब्लॉक धर्तीचा. अमल हें नांव ऐकून आम्हांस लहानपणीं तें कोणा बंगाली गृहस्थाचें असावें असें वाटे. वस्तुतः १९२७ सालीं अमॅक, ब्राउन अँड बार्लो व बिंक्स ह्या तीन इंग्रजी कारखानदारांचें एकीकरण होऊन हें नांव निघालें. पुढें तीस चाळीस वर्षें इंग्लंडांतील बहुतेक फटफट्या ह्याच घराण्याच्या फुंकरीवर चालल्या. बुलेटही त्यांतलीच. भारतीय सैन्यास सरहद्दीवर गस्त घालण्यासाठीं ही गाडी पसंत पडली, तेव्हां १९५५ सालीं रेडिचच्या कंपनीनें मद्रास मोटर्सशीं भागी करून एन्फील्ड इंडिया काढली. आरंभीं सुटे भाग आणून जोडावयाचे, मग साचे व हत्यारेंच इकडे आलीं, आणि थोड्याच वर्षांत सगळे भाग येथेंच होऊं लागले. इंग्लंडांतील मूळ घराणें १९७० च्या सुमारास मोडलें. मद्रासेंतलें चालत राहिलें. मूळ कोणतें आणि प्रतिकृति कोणती, ह्याविषयींचा आमचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

कारण पुढच्या बुलेटींवर अमल राहिला नाहीं. त्याच्या जागीं मिक्कार्ब आला. हा मद्रासेसच होई, परंतु त्याचें घराणें जपानच्या मिकुनीचें. आणि ह्या मिकुनीनें आपल्या धंद्याच्या प्रारंभकाळीं कोणाचा परवाना घेतला होता? अमलचाच! बर्मिंगहॅमची विद्या तोक्योस गेली, तेथें तिला नवें वळण मिळालें, व ती फिरून मद्रासेस उतरून आमच्या लातूरच्या गंजगोलाईंतील दुकानांच्या फळ्यांवर येऊन बसली. म्हणजे जो गृहस्थ "आम्ही मूळ अमलच ठेवूं, जपानी नको" असें म्हणतो, तो आजोबास घरांत घेऊन नातवास दाराबाहेर उभें करतो.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्यापुढें पहिला मार्ग हाच होता. जुना मोनोब्लॉक सुधारतां येतो. त्याचें शरीर जस्ताच्या मिश्रधातूचें, स्लाइडही तशाच धातूची. दोन्ही एकमेकांवर घासून सारखीं झिजतात. स्लाइडीवर पितळेची बाही चढवून नळी गोल करून घेतली म्हणजे कांहीं वर्षांची सोय होते. किंवा नवाच मोनोब्लॉक मागवावा. इंग्लंडांत तो अद्याप निघतो. दुसरा मार्ग, पुढच्या साडेतीनशें बुलेटींवर असे तो चोवीस मिलिमीटरचा मिक्कार्ब, व्हीएम २४. तिसरा, अगदीं अलीकडच्या कार्बोरेटरवाल्या बुलेटींवरचा २९ मिलिमीटरचा, ज्यांत स्लाइड हातानें न उचलतां हवेच्या ओढीनें आपोआप उचलली जाते. चौथा, तरुण मंडळींचा आवडता: मोठ्या तोंडाचा, चपट्या स्लाइडीचा, शर्यतीच्या गाड्यांसाठीं केलेला.

ह्या चौथ्याचा निकाल थोडक्यांत लावूं. नांदेड व लातूर दोन्ही शहरांत यामाहाच्या आरएक्स १०० ह्या गाडीचे भक्त आहेत. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढींच वर्षें निघाली, तिच्यावर कारखान्यानें वीस मिलिमीटरचा मिकुनी बसविला होता, आणि तिचे आजचे बहुतेक मालक ती बंद झाल्यावर जन्मलेले आहेत. त्यांतील कित्येक वीसच्या जागीं अठ्ठावीस बसवितात व पाव मैल वाऱ्यासारखे जातात. पण नळी रुंद केली कीं मंद गतीच्या वेळीं तींतून जाणाऱ्या हवेचा वेग उतरतो. वेग उतरला कीं पेट्रोलचा फवारा न होतां थेंब पडतात. आणि गाडी चौकांत खोकते. शर्यतींत चौक नसतात, लातुरास पुष्कळ आहेत. एकट्या गंजगोलाईस सोळा रस्ते फुटतात. आमच्या पुतण्यास हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, तुम्ही चालवून तरी बघा." आम्हीं चालवून पाहिली. मजा आली हें कबूल केलें पाहिजे. मत मात्र बदललें नाहीं.

बुलेटवाल्याची चैन जावा व येझदीवाल्यांस नाहीं हेंही येथें सांगितलें पाहिजे. म्हैसूरचा त्यांचा कारखाना १९६१ सालीं सुरू झाला व १९९६ सालीं मिटला. त्यांच्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या जिकोव्ह घराण्याचा कार्बोरेटर असे; त्याचे जेट आज मिळतात ते कोणी जुन्या दुकानदाराच्या डब्यांत जपून ठेवलेले असले तर. त्यामुळें त्या लोकांस मिकुनीच्या वळणाचाच आश्रय करावा लागतो. अलीकडे जावा व येझदी हीं नांवें पुनः रस्त्यावर आलीं, पण त्या नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नाहीं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा नवा नियम लागू झाला व बहुतेक नव्या दुचाकींतून हें यंत्र नाहींसें झालें. आतां विजेच्या इशाऱ्यानें पेट्रोल आंत टोचलें जातें. एकशेंपंचवीस वर्षांची विद्या एका तारखेस जुनी झाली. उस्तादांचा मुलगा गाडीस संगणक लावून दोष शोधतो. बाप अद्याप कानानें शोधतो.

आमचा कल आरंभीं पहिल्या मार्गाकडे होता. वडिलांच्या हातचा कार्बोरेटर, त्यास बाही चढवावी, आणि गाडी जशी होती तशी ठेवावी. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांविषयीं जे नियम केले त्यांतही पन्नास वर्षांवरील गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असली तरच तिला निराळी नोंद मिळते. नियमाचा रोख सांगाडा, शरीर व एंजिन ह्यांतील फेरबदलावर आहे. कार्बोरेटराचें नांव त्यांत नाहीं. पण अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शनास, मेळाव्यास किंवा पेट्रोल भरण्यास न्यावी, रोजच्या कामास नेऊं नये, असेंही तेथें आहे. आम्हांस तर नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास जावयाचें होतें, आणि तेंही पुनःपुनः. तरी मूळचें तें मूळचें, हा आग्रह सुटत नव्हता. तो आम्हीं उस्तादांपुढें मोठ्या आवेशानें मांडला. ते चहा पीत होते. ते म्हणाले, "सर, कार्बोरेटर जुना ठेवूं. पण पेट्रोल जुनं कुठून आणायचं?"

आमच्या सगळ्या विचारास ह्या एका प्रश्नानें दुसरीकडे वळविलें.

आज पंपावर जें मिळतें तें १९६८ चें पेट्रोल नव्हे. त्या वेळच्या पेट्रोलांत शिशाचा अंश असे. तो २००० सालीं देशभर बंद झाला. २०२२ पर्यंत त्यांत शेंकडा दहा मद्यार्क आला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून शेंकडा वीस मद्यार्काचें पेट्रोल विकण्यास आरंभ होऊन तेंच सर्वत्र झालें. हा मद्यार्क येतो कोठून? पुष्कळसा उंसापासून. बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावून बीड, लातूर करीत पुढें गेलेल्या मांजरेच्या कांठीं ऊंस उभा आहे, साखर कारखाने आहेत, त्यांच्या भट्ट्या आहेत. आमच्या गाडीच्या वाटींत जें येऊन पडतें त्यांत आमच्याच शिवाराचा रस असूं शकतो.

कोणास ही केवळ आजची टूम वाटेल. तशी ती नाहीं. हीच मांजरा पुढें निजामसागरांत अडविली गेली, आणि त्या पाण्यावर पिकलेल्या उंसासाठीं नांदेडापासून फार दूर नसलेल्या बोधन येथें १९३७ च्या सुमारास निजामच्या राज्यांतील मोठा साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या मळीपासून मोटारींत घालण्याचा मद्यार्क काढण्याचा उद्योगही तेथें झाला. महायुद्धांत पेट्रोलची तंगी पडली, तेव्हां कोळशाच्या वायूवर बसगाड्या चालविणाऱ्या लोकांस मद्यार्काचें काय वावडें असणार? १९४८ सालीं तर मध्यवर्ती सरकारनें पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्यासंबंधीं कायदाच केला. पुढें खनिज तेल स्वस्त झालें व ही सर्व खटपट विस्मरणांत गेली. पाऊणशें वर्षांनीं ती फिरून आली आहे. मात्र मधल्या काळांत झालेलीं यंत्रें तिला ओळखत नाहींत.

न ओळखण्याचे परिणाम तीन प्रकारचे आहेत. मद्यार्कास जळण्यासाठीं हवा कमी लागते, पेट्रोलच्या १४.७ च्या जागीं त्याचें प्रमाण सुमारें ९ आहे. शेंकडा वीस मिसळ असली म्हणजे एकूण प्रमाण साडेतेराच्या आसपास येतें. जुन्या कार्बोरेटराचीं छिद्रें मात्र पहिल्या हिशोबानें पाडलेलीं. म्हणजे एंजिनास शेंकडा आठ-नऊ इंधन कमी पडतें. असें उपाशी एंजिन थंड राहत नाहीं, उलट तापतें, व त्याची झडप जळते. दुसरें, मद्यार्क हा मोठा विरघळविणारा आहे. जुन्या तोटींतील बुचावर लाखेचा लेप असे. लाख मद्यार्कांत विरघळते हें कोणाही सुतारास विचारावें. जुनें रबर फुगतें, टाकींत वर्षानुवर्षें बसलेली घाण सुटून जेटांत येऊन अडकते. तिसरें, तो हवेंतील पाणी ओढून घेतो. श्रावणांत गाडी महिनाभर उभी राहिली तर हें पाणी तळाशीं बसतें, आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. आमच्या मोनोब्लॉकच्या वाटींत ती होती. आम्ही तिला इतके दिवस वयाची खूण समजत होतों.

ह्यांत एक विनोदही आहे. प्रदूषणाच्या दाखल्यासाठीं गाडी उभी करून मंद गतींत धुराची परीक्षा होते; २००० पूर्वींच्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइड शेंकडा साडेचारपर्यंत चालतो. उपाशी एंजिन ह्या परीक्षेंत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण होतें. आमच्या गाडीचा आंकडा पाहून केंद्रावरील मुलानें आमचें अभिनंदन केलें होतें, तेव्हां तिची झडप जळत होती.

आतां आमच्या हातून झालेला मूर्खपणा सांगतों. मिक्कार्ब घ्यावा इतकें ठरल्यावर आम्हीं उस्तादांस न विचारतां एका दुकानांतून स्वस्त मिळाला तो घेतला. नांव तेंच, आंकडा तोच, खोकें तर मूळच्याहून सुरेख. तो बसवून लातुरास निघालों. लोहा मागें पडल्यावर गाडीचा आवाज कोरडा वाटूं लागला. अहमदपुराच्या अलीकडे ती एकाएकीं आंवळली, मागचें चाक फरफटलें, आणि आम्ही मे महिन्याच्या दुपारीं एका कडुनिंबाखालीं येऊन थांबलों. प्लग काढून पाहिला तों पांढराशुभ्र. मुख्य जेटावर आंकडा शंभराचा कोरला होता. उस्तादांनीं पुढें आपल्या जवळच्या अस्सल जेटाशीं तो ताडून पाहिला, तों छिद्र उघड्या डोळ्यांस दिसण्याइतकें लहान निघालें. खोट्या सनदा केवळ इनामदारच करीत असें नाहीं.

उस्तादांनीं मग जें केलें त्याची रीत अशी. व्हीएम २४ च घेतला, कारण त्याचें तोंड ह्या एंजिनाच्या श्वासास बेताचें आहे, आणि त्याचे जेट, सुई व फ्लोट नांदेडास व लातुरास दोन्हीकडे मिळतात. वाटेंत बिघडला तर जो मिळूं शकतो तोच चांगला, हें त्यांचें सूत्र. इंग्लंडाहून मोनोब्लॉक मागविणाऱ्यानें त्याचा विचार करावा. आपोआप उचलणाऱ्या स्लाइडीचा २९ चा त्यांस आवडतो, पण त्यासाठीं नळी, तार, गाळणी सर्वच बदलावें लागतें. "मग ती डॉक्टरसाहेबांची गाडी राहील काय?" असें तेच म्हणाले, म्हणजे त्यांच्याही मनांत मर्यादा होती, फक्त ती आमच्याहून निराळ्या ठिकाणीं होती.

बसविण्यापूर्वीं त्यांनीं कार्बोरेटराची बैठक कांचेवर ठेवून ती सपाट आहे कीं नाहीं हें पाहिलें. तेथें केसाएवढी फट राहिली तरी चोरून हवा आंत शिरते व जेट बदलून हात दुखतात. मुख्य जेट दोन पायऱ्या वाढविला. सुईची कडी एक खांच खालीं केली, त्यामुळें सुई वर उचलली गेली. लोकांचा समज असा कीं मुख्य जेट बदलला म्हणजे सर्व झालें. परंतु त्याचा अंमल मूठ पाऊणाहून अधिक पिळल्यावर चालतो. मधल्या टप्प्यावर सुईचें राज्य, अगदीं प्रारंभीं लहान जेट व हवेच्या स्क्रूचें. लातूर रस्त्यावर आमच्यासारख्या माणसाची मूठ अर्ध्यापलीकडे जातेच कोठें? म्हणून सुईवर त्यांनीं सर्वांत अधिक वेळ घालविला. बुचाची तोटी काढून नवी लाविली, रबरी नळी नव्या पेट्रोलास टिकणारी घातली, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवण्याचें आमच्याकडून कबूल करून घेतलें.

पुढच्या पंधरवड्यांत आम्ही पुनः निघालों. अहमदपुरास त्याच कडुनिंबाखालीं मुद्दाम थांबून, गाडी एकदम बंद करून प्लग काढला. रंग चहासारखा, दूध थोडें जास्त पडलेल्या. लातुरास पोंचल्यावर उस्तादांस फोन केला, तेव्हां त्यांनीं रंगाविषयीं दोन प्रश्न विचारले, सुईची कडी आणखी हलवूं नका असें बजावलें, आणि जुना मोनोब्लॉक आम्हीं काय केला म्हणून चौकशी केली. कंधारच्या एका गिऱ्हाइकास त्याचा फ्लोट हवा होता. तो आम्हीं परत आल्यावर दिला. बाकीचा घरीं आहे.